चिखलात गळ टाकणारा डॉक्टर

हातात काठी आणि टोपली घेऊन पन्नाशी ओलांडलेला एक प्राध्यापक फिलाडेल्फियाहून न्यू जर्सीच्या पाणथळ रानाकडे निघाला, की वाटेत भेटणारे ओळखीचे लोक मासे धरायला चाललात का, असे त्याला हमखास विचारत. तोही दर वेळी हो म्हणून पुढे चालू लागे. खरे उत्तर द्यायचे तर रस्त्यात उभे राहून अर्धा तास समजावत बसावे लागले असते. कारण त्याच्या काठीच्या टोकाला गळ नव्हता, पत्र्याचे छोटे ओगराळे होते. तळ्याच्या काठाशी, उथळ पाण्यात, तळाच्या गाळावरून ते तो अगदी अलगद फिरवी. खालचा काळा चिखल नको, फक्त वरची साय हवी. ही चिखलाची साय घरी न्यायची, तिचा एकेक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि त्यात कोण कोण राहते ते पाहायचे, असा हा उद्योग १८७४च्या सुमारास सुरू झाला आणि पुढची चार-पाच वर्षे चालला. १८७९मध्ये अमेरिकी सरकारने त्यातून तयार झालेले जाडजूड पुस्तक छापले. त्या खंडातल्या गोड्या पाण्यात कोणकोणते अमीबा आणि त्यांचे भाऊबंद राहतात, कुठे राहतात, कसे दिसतात, याची एवढी मोठी सचित्र नोंद तिकडे त्याआधी कोणी केली नव्हती. पुस्तकाच्या शेवटी त्याने वाटेवरच्या त्या ओळखीच्यांना गमतीने कळवूनही टाकले, की माझी मासेमारी ती हीच, पोटात घालण्याजोगा मासा मात्र तिच्यात एकही नाही.

या गृहस्थाचे नाव जोसेफ लायडी. डायनोसॉरचे वेड असलेल्यांना हे नाव ठाऊक असते, वैद्यकाच्या इतिहासात ते कधीमधी भेटते. चिखलातल्या अमीबांशी ते सहसा कोणी जोडत नाही. मला मात्र हल्ली त्याची वारंवार आठवण येते, आणि त्याला कारण केरळमधून येणाऱ्या बातम्या आहेत.

अमीबा म्हटला की आपल्याला आधी पोट आठवते. आमांश, मुरडा, शौचाच्या तपासणीचा कागद आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कडू गोळ्या. तो अमीबा परजीवी आहे. आतड्याशिवाय त्याचे भागत नाही. बाहेर पडण्याआधी तो स्वतःभोवती कवच करतो आणि मग बाहेर पुढच्या पोटाची वाट पाहत बसतो. पण अमीबांच्या अफाट गोतावळ्यात असे परावलंबी फार थोडे. बाकीचे बहुतेक मुक्तजीवी. ओली माती, तळ्याचा गाळ, कौलावरचे शेवाळ, विहिरीची भिंत, टाकीच्या तळाशी बसलेला बुळबुळीत थर, अशा ठिकाणी बॅक्टेरिया आणि इतर बारीकसारीक जीव खात ते सुखाने राहतात. पृथ्वीवर माणूस जन्मालाच आला नसता तरी त्यांचे काही अडले नसते. २०२४ आणि २०२५मध्ये केरळात अमीबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे जे रुग्ण सापडले, त्यांचा आजार या मुक्तजीवी अमीबांनी घडवला होता. मेंदू खाणारा अमीबा हे बातम्यांनी त्याला दिलेले नाव मला तरी थोडे अन्यायाचे वाटते. त्याला मेंदू हवा असतो असे नाही. पोहणाऱ्याच्या नाकात पाणी शिरते, त्या पाण्याबरोबर तो आत जातो आणि भलत्याच ठिकाणी पोहोचतो. रुग्णाच्या दृष्टीने अर्थात याने काही फरक पडत नाही. हा आजार झालेले बहुतेक रुग्ण दगावतात. पण प्रश्न असा उभा राहतो, की आपल्या तळ्यांत, विहिरींत, नळांत कोणकोणते अमीबा राहतात याची यादी कोणी केली आहे का? असली यादी करायला एक डॉक्टर दीडशे वर्षांपूर्वी बसला होता, आणि तेव्हा त्याच्यासमोर एकही रोगी नव्हता.

लायडीचा जन्म ९ सप्टेंबर १८२३चा, फिलाडेल्फियातला. घराणे मूळचे जर्मन, वडील टोप्या तयार करणारे. तो दीड वर्षाचा असताना आई वारली आणि वडिलांनी तिच्याच नात्यातल्या बहिणीशी लग्न केले. पोराला अभ्यासापेक्षा दगड, झाडे आणि शिंपले यांची ओढ. दहाव्या वर्षी त्याने शिंपल्यांची चित्रे काढून त्यांची वहीच केली होती. हात चांगला आहे हे पाहून वडिलांनी ठरवले, की याला दुकानांच्या पाट्या रंगवायच्या धंद्याला लावावे. तो काही काळ औषधांच्या दुकानातही होता. मुलाने डॉक्टर व्हावे हा हट्ट सावत्र आईचा, आणि तो तिने पुरा करून घेतला. १८४४मध्ये पेनसिल्व्हानिया विद्यापीठाची वैद्यकाची पदवी मिळाली. दवाखाना काढला, पण तो जेमतेम दोन वर्षे चालला. रोग्यांपेक्षा शवविच्छेदनाच्या टेबलाशी त्याचे मन जास्त रमत होते. १८५३मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो त्याच विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि मरेपर्यंत, म्हणजे अडतीस वर्षे, त्याच खुर्चीवर राहिला.

त्याच्या नजरेची कीर्ती मात्र त्याआधीच झाली होती. १८४६ची गोष्ट. जेवताना ताटातल्या डुकराच्या मांसात त्याला बारीक ठिपके दिसले. असेच ठिपके त्याने थोड्या दिवसांपूर्वी विच्छेदनगृहात एका प्रेताच्या स्नायूंत पाहिले होते. दुसरा कोणी असता तर ताट बाजूला सारून उठला असता. लायडीने तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली नेला. गुंडाळी करून बसलेला जो कृमी १८३५मध्ये लंडनमध्ये माणसाच्या स्नायूंत सापडला होता, तोच आता डुकरात सापडला. ट्रिकिनेला नावाचा हा कृमी अर्धेकच्चे मांस खाणाऱ्याच्या शरीरात कसा जातो आणि जीवही कसा घेतो, हे जर्मन वैद्यांनी पुढच्या पंधरा वर्षांत पक्के केले; पण डुकराचे मांस नीट शिजवून खावे या आज साध्या वाटणाऱ्या सल्ल्याची एक मुळी त्या ताटापर्यंत जाते. त्याच वर्षातली आणखी एक कथा सांगतात. एका खुनाच्या संशयिताने कपड्यांवरचे रक्त कोंबडीचे असल्याचा बचाव केला. कोंबडीच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते, माणसाच्या नसते. लायडीने डागातल्या पेशी पाहिल्या, केंद्रक नव्हते, आणि संशयिताने गुन्हा कबूल केला.

पुढच्या काही वर्षांत त्याने जे केले ते मला या दोन्ही गोष्टींहून मोठे वाटते, जरी त्यात खून नाही. तो वाळवी, झुरळे आणि पैसे नावाचे बहुपाद किडे फाडून त्यांची आतडी पाहू लागला. धडधाकट किड्यांच्या आतड्यांत त्याला सूक्ष्म जीवांची अक्षरशः जंगले दिसली: धाग्यांसारखे, केसांसारखे, आतड्याच्या भिंतीला चिकटून वाढणारे. १८५३मध्ये त्याने यावर मोठा ग्रंथ लिहिला. प्राणी म्हणजे एकटा जीव नव्हे, तो इतर जिवांची वस्तीही असतो आणि ही वस्ती असूनही तो निरोगी असू शकतो, हे त्याने रोगजंतूंचा सिद्धान्त रुळायच्या आधी चित्रांसकट मांडले. आज आपण पोटातल्या चांगल्या जंतूंविषयी दह्याच्या जाहिरातींत ऐकतो. तेव्हा असे काही ऐकायला जग तयार नव्हते.

जगाला हवे होते राक्षसी प्राणी, आणि तेही त्याने दिले. अमेरिकेत घोडे स्पॅनिश लोकांनी नेले असे सगळे मानत असताना, तिथे फार पूर्वी देशी घोडे होते आणि ते नामशेष झाले, हे त्याने १८४७मध्ये जीवाश्मांवरून दाखवले. १८५८मध्ये न्यू जर्सीतल्या हॅडनफील्ड येथे निघालेल्या हाडांवरून हॅड्रोसॉरस या डायनोसॉरचे वर्णन केले. त्याचा सांगाडा १८६८मध्ये फिलाडेल्फियाच्या नॅचरल सायन्सेस अकादमीत उभा केला गेला. अख्खा उभारलेला डायनोसॉरचा सांगाडा जगात लोक पहिल्यांदाच पाहत होते.

मध्ये यादवी युद्ध झाले. लायडी फिलाडेल्फियाच्या लष्करी रुग्णालयात शवविच्छेदने करत होता. जखमांवर बसणाऱ्या माश्या एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात आणि जखम सडवणारा रोग सोबत नेत असाव्यात, असे त्याच्या मनात आले. १८७१मध्ये त्याने ते अकादमीत सांगितलेही. याच युद्धकाळातली दुसरी एक वस्तूही लपवू नये. त्याने १८६१मध्ये शरीररचनेचे पाठ्यपुस्तक लिहिले होते. त्याची स्वतःची एक प्रत युद्धात मेलेल्या एका सैनिकाच्या कातडीत बांधलेली आहे. ती फिलाडेल्फियात जपून ठेवलेली आहे. मनमिळाऊ, भांडणापासून लांब राहणारा म्हणून ज्याचे सगळे गोडवे गातात त्या माणसाने ही प्रत स्वतःच्या कपाटात ठेवली होती. काळ तसा होता असे म्हणून ती बाजूला सारणे मला जमत नाही.

भांडणाचा त्याला खरोखरच तिटकारा होता, आणि अमीबांकडे तो वळला त्यामागे हेही एक कारण आहे. पश्चिमेकडच्या प्रदेशांतून निघणारी हाडे पूर्वी लोक त्याला आपणहून, फुकट पाठवत. १८७०च्या सुमारास एडवर्ड कोप आणि ओथनील मार्श हे दोन तरुण रिंगणात उतरले. एकाला वडिलांच्या संपत्तीचा आधार, दुसऱ्याला श्रीमंत मामाचा. दोघांचे हाडवैर, इथे तर शब्दशः. कोपने एका प्राचीन सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचे डोके चुकून शेपटीच्या टोकाला बसवले होते, ते लायडीनेच १८७०मध्ये निदर्शनास आणले. १८७२च्या उन्हाळ्यात वायोमिंगमधल्या एकाच जातीच्या प्रचंड सस्तन प्राण्यांना तिघांनी तीन वेगळी नावे दिली. त्यातले लायडीचे नाव टिकले, पण घाई, हेरगिरी आणि चढाओढीचे हे वातावरण पाहून त्याचे मन उडाले. हाडे आता बाजारभावाने विकली जात होती आणि प्राध्यापकाच्या पगारात ती परवडणारी नव्हती. त्याने मोठे प्राणी त्या दोघांना सोडून दिले आणि ज्यांच्यासाठी कोणीही भांडणार नाही असे प्राणी निवडले.

पैशाची सोय विचित्र ठिकाणाहून झाली. फर्डिनांड हेडन हा पश्चिमेकडच्या प्रदेशांच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षणाचा प्रमुख. खनिजे, डोंगर, नद्या यांचे नकाशे करणे हे त्याच्या खात्याचे काम. त्याच खात्याने लायडीला अमीबा गोळा करायला रॉकी पर्वताकडे पाठवले आणि सर्वेक्षणाचा बारावा खंड म्हणून त्याचे पुस्तकही छापले: ३२४ पाने मजकूर, ४८ चित्रपत्रे. कोळसा कुठे सापडेल हे शोधणाऱ्या खात्याने चिखलातल्या अमीबांवर एवढा खर्च केला, याचे मला अजूनही नवल वाटते. १८७७च्या उन्हाळ्यात लायडी वायोमिंगमधल्या फोर्ट ब्रिजरला आणि तिथून युइन्टा पर्वतातल्या सरोवरांवर गेला. पाच वर्षांपूर्वी याच मुलखात तो हाडे शोधत फिरला होता. या खेपेला बरोबर ओगराळे होते.

त्याच्या यादीतले बहुतेक जीव आपल्या शाळेच्या पुस्तकातल्या अमीबासारखे उघडेवाघडे नाहीत. ते कवचधारी आहेत. एकच पेशी, पण तिने आपल्याभोवती वाळूचे कण चिकटवून, नाहीतर स्वतःच खवले घडवून, कुपीसारखे घर बांधलेले. कुपीच्या तोंडातून ती बोटांसारखे छद्मपाद बाहेर काढते आणि चालते, खाते. काहींची घरे इतकी रेखीव, की हे एका पेशीचे काम यावर विश्वास बसत नाही. न्यू जर्सीच्या देवदार दलदलीत स्फॅग्नम नावाचे शेवाळ स्पंजासारखे पाणी धरून असते. त्याची मूठ पिळली, की त्या पाण्यात या जिवांचे थवे. तिथेच त्याला त्याचा सर्वांत लाडका जीव भेटला. काचेसारख्या पारदर्शक, चपट्या कुपीत हिरवेगार कण भरलेला. त्याने त्याचे नाव फुलपाखरावरून ठेवले, हायलोस्फेनिया पॅपिलिओ. पुस्तकात इतरत्र मोजून-मापून लिहिणारा लायडी या एका जिवाविषयी लिहिताना हळवा होतो. बाकी सगळीकडे लांबी, रुंदी, रंग, कुठे सापडला, किती वेळा सापडला. चित्रे त्याचीच, लहानपणी पाट्या रंगवायला जाणारा तो हात अखेर इथे कामी आला.

त्याने जागा सांगितल्या आहेत त्या वाचण्यासारख्या आहेत. तळी आणि दलदली तर आल्याच, पण खडकांच्या ओल्या फटी, भिंतींच्या भेगा, शहराच्या फरसबंदीतल्या विटांच्या सांदीही त्याने सोडल्या नाहीत. ओल असेल तिथे ते आहेत, हा त्याच्या यादीचा पहिला निष्कर्ष. दुसरा असा, की अटलांटिकच्या किनाऱ्यापासून रॉकी पर्वतापर्यंत त्याला तेच ते चेहरे भेटत गेले, आणि त्यांतले बरेचसे युरोपातल्या अभ्यासकांनी आधीच वर्णन केलेले होते. घोडे आणि डायनोसॉर खंडाखंडांत वेगळे. हे चिमुकले मात्र सगळीकडे सारखे. हा निष्कर्ष आता अर्धाच खरा मानतात. त्याच्या लाडक्या फुलपाखरी जिवाचा डीएनए गेल्या दशकात तपासला गेला, तेव्हा सूक्ष्मदर्शकाला एक वाटणाऱ्या या जातीत डझनभर वेगळ्या शाखा निघाल्या, आणि त्यांतल्या काही ठरावीक प्रदेशांतच सापडतात.

सगळीकडे सारखे असे लायडी म्हणू शकला, कारण तुलनेला त्याच्याकडे जगभरच्या नोंदी होत्या, आणि त्यांत एक मुंबईची होती. त्याच्या पुस्तकात एच. जे. कार्टर हे नाव पुन्हा पुन्हा येते. हेन्री जॉन कार्टर हा ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य, १८४०च्या दशकाच्या सुरुवातीपासून वीस वर्षे मुंबईत होता. (ग्रेज अॅनाटॉमीची चित्रे काढणारा आणि पुढे आपल्या ग्रँट मेडिकल कॉलेजचा प्राचार्य झालेला हेन्री व्हँडाइक कार्टर तो हा नव्हे, दोघांची नेहमी गल्लत होते.) हा कार्टर मुंबई बेटावरच्या तलावांतले आणि टाक्यांतले पाणी तपासत असे. गोड्या पाण्यातल्या स्पंजांवर त्याने १८४९मध्ये लिहिले, मुंबईच्या गोड्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांवर १८५६मध्ये, आणि मायदेशी परतल्यावर १८६४मध्ये इंग्लंड आणि हिंदुस्थानातल्या अमीबावर्गीय जिवांवर एकत्र निबंध प्रसिद्ध केला. म्हणजे फिलाडेल्फियात लायडी थेंब पाहत होता तेव्हा त्याच्या टेबलावर मुंबईच्या तलावांतले अमीबा कागदावर उतरून आधीच पोहोचले होते. त्यांतले बरेचसे तलाव पुढे बुजवले गेले.

लायडी चुकलाही. शेपटीला लांब धाग्यांचा झुपका असलेला एक अमीबा त्याला सापडला. त्याने त्यासाठी नवी प्रजाती केली, नाव दिले ऊरामीबा, म्हणजे शेपटीवाला अमीबा. पुढे कळले, की ती शेपटी अमीबाची नव्हतीच. त्याच्या अंगात शिरून बाहेर वाढणारी बुरशी होती. प्राणी हा इतर जिवांची वस्ती असतो हे पंचवीस वर्षांपूर्वी ज्याने आतडी फाडून दाखवले, त्यालाच एका पेशीतला पाहुणा ओळखता आला नाही. ही चूक मला फार महत्त्वाची वाटते. तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

शेवटची वर्षे मानाची आणि कामाची गेली. १८८१पासून तो अकादमीचा अध्यक्ष होता. मूल नव्हते, एक मुलगी दत्तक घेतली होती. ३० एप्रिल १८९१ रोजी तो वारला. थोरांच्या मेंदूंचा अभ्यास व्हावा म्हणून काही अमेरिकी वैद्यांनी एक संस्था काढली होती, त्यांत तोही होता. त्यामुळे मृत्यूनंतर त्याचा मेंदू काढून ठेवला गेला. १९०७मध्ये अशा सहा मेंदूंवर निबंध प्रसिद्ध झाला. त्यात लायडी होता, त्याचा भाऊ फिलिप होता, आणि सहा वर्षांनी मेलेला कोपही होता. ज्यांच्या भांडणाला कंटाळून त्याने हाडे सोडली, त्यांतला एक असा शेजारी आला.

त्याच्या यादीत नसलेल्यांची गोष्ट यानंतर सुरू होते. लायडीचे डोळे मोठ्या, देखण्या, कवचधारी जिवांवर होते. मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढे उघडे अमीबा नुसत्या सूक्ष्मदर्शकाने एकमेकांपासून ओळखता येत नाहीत. त्यांना बशीत बॅक्टेरिया खायला घालून वाढवण्याची रीत त्याच्या मृत्यूनंतर रुळली. नेग्लेरिया आणि अकँथामीबा ही नावे विसाव्या शतकात पुढे आली, तीही प्रयोगशाळेतले निरुपद्रवी प्राणी म्हणून. १९६५मध्ये ऑस्ट्रेलियात फाउलर आणि कार्टर या डॉक्टरांनी (हा तिसराच कार्टर) मेंदूज्वराने गेलेल्या रुग्णांच्या मेंदूत अमीबा दाखवले. तो आमांशाचा अमीबा नव्हता, मुक्तजीवी होता. आज त्याला नेग्लेरिया फाउलेरी म्हणतात. त्याला कोमट आणि गरम गोडे पाणी आवडते, पंचेचाळीस अंशांपर्यंत तो मजेत वाढतो. अमेरिकेत हा दक्षिणेकडच्या राज्यांचा आजार समजला जात होता. २०१०मध्ये थेट उत्तरेकडच्या मिनेसोटात रुग्ण निघाला, आणि कुठल्या तळ्यात काय राहते हा लायडीचा जुना प्रश्न आरोग्य खात्याचा झाला.

हे पाणी पिऊन हा आजार होत नाही. तो नाकातून जातो. म्हणून जलनेती करणाऱ्यांनी एक गोष्ट पाळावी: पाणी उकळून गार केलेले हवे, नळाचे थेट नको. २०११मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात नेतीच्या भांड्यात नळाचे पाणी वापरलेले दोन जण याच आजाराने गेले. अकँथामीबाचे दार डोळा आहे. पाश्चात्त्य देशांत तो मुख्यतः कॉन्टॅक्ट लेन्स नळाच्या पाण्याने धुणाऱ्यांना गाठतो. आपल्याकडे त्याचे बरेच रुग्ण लेन्स न वापरणारे असतात, शेतात काम करताना डोळ्याला इजा झालेले, चिखल किंवा गढूळ पाणी उडालेले. बुबुळावरची जखम आणि सोसवत नाही अशी वेदना असेल, तर घरातले जुने थेंब घालत दिवस काढू नयेत.

आता त्या शेपटीवाल्या अमीबाकडे. जुलै १९७६मध्ये फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले होते. घरी परतल्यावर प्रतिनिधी ताप आणि न्यूमोनियाने आजारी पडू लागले. दोनशेहून अधिक लोक आजारी पडले, ३४ मेले. विष, विषाणू, घातपात, सगळे संशय घेऊन झाले. जानेवारी १९७७मध्ये अपराधी सापडला, तोवर अनोळखी असलेला एक बॅक्टेरिया. सैनिकांच्या त्या संघटनेवरून त्याचे नाव लीजिओनेला पडले. तो वातानुकूलन यंत्रणेच्या पाण्यात, टाक्यांत, नळांत राहतो हे कळले, पण इतका नाजूक, प्रयोगशाळेत नखरे करून वाढणारा जंतू तिथे टिकतो कसा? १९८०मध्ये इंग्लंडमधल्या रोबॉथमने ते दाखवले. तो मुक्तजीवी अमीबांच्या पोटात राहतो. अमीबा त्याला इतर बॅक्टेरियांसारखा गिळतो, पण पचवू शकत नाही. आत त्याची वीण वाढते, अमीबा फुटतो आणि शेकड्यांनी बाहेर पडतात. अमीबाने कवच केले तर त्याच्या आत तो क्लोरीनपासूनही वाचतो. आपल्या फुप्फुसांत जंतू गिळणाऱ्या ज्या पेशी आहेत त्या चालीला आणि वागण्याला अमीबासारख्याच. अमीबात शिकलेली युक्ती तो तिथे वापरतो. ज्यांच्या शरीरात कोण पाहुणा आहे हे पाहायचे लायडीकडून राहून गेले, त्या अमीबांतल्या पाहुण्याने त्याच्याच शहरात ३४ माणसे मारली होती.

लायडीचा पुतळा १९०७मध्ये फिलाडेल्फियाच्या सिटी हॉलजवळ बसवला गेला. बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड तिथून पायी काही मिनिटांवर आहे. १९२९मध्ये तो हलवून अकादमीच्या दाराशी नेला. अजून तिथेच आहे. त्याच्या हातात जबड्याचे एक हाड आहे, त्यानेच नाव दिलेल्या एका नामशेष अमेरिकी सिंहाचे.